दोन पेट्या

मिरकरवाड्याच्या वाटेवर, बर्फ कारखान्याच्या माडीवर
आमचा वर्ग भरतो, मंगळवारी आणि शनिवारी.
भाडं नऊशे, वीज वेगळी,
जिन्यातला बांगड्याचा वास भाड्यात धरलेला.

मी गात नाही. मी पावत्या फाडतो.
गाणं शिकवतात शिवलकर बाई,
तबला सुर्व्यांचा अनंता,
जो दिवसभर खांद्यावरून गॅसचे सिलिंडर पोचवतो
आणि संध्याकाळी तेच बोट चाटेवर हलकेच ठेवतो.

खाली कंप्रेसर घुमत असतो, दिवसरात्र.
बाईंनी पहिल्याच आठवड्यात पेटीवर बोट ठेवून पाहिलं :
"काळी दोन. जरा उतरलेली, पण चालेल."
मग तानपुरा घ्यायचा राहूनच गेला.
अकरा वर्षं पोरं
कारखान्याच्या पोटातल्या सुरावर सा लावतात,
आणि सुलेमान वस्ता खाली यंत्राला तेल घालता घालता
वरचे पलटे ऐकतात.

यंदा पेटीचा भाता फाटला.
कोमल धैवत दाबला की खोकायची.
मी पेठेत फिरलो. आंब्याचे व्यापारी नागवेकरशेठ
फोन कानाला तसाच ठेवून म्हणाले,
"अहो, दोन पेट्या देतो, जा!"
बाई ऐकून खुर्चीतून उठल्याच.
एक पोरांना, एक रियाजाला, वाटणीसुद्धा झाली.

सोमवारी टेम्पो आला.
गवतात निजवलेले दहा डझन हापूस.

अनंता इतका हसला की पायरीवरच बसला.
बाई हसल्या नाहीत.
एक आंबा उचलून देठापाशी वास घेतला,
म्हणाल्या, "सुरात आहे. विका."

विकले. वहीत नोंद आहे :
नऊ डझन रोख, एक डझन वर्गाने खाल्ला,
भाता नवा, शिल्लक साठ रुपये
आणि सतरंजीवरचा एक डाग, जो अजून जात नाही.

वार्षिक कार्यक्रम नगर परिषदेच्या नव्या सभागृहात.
पत्रिकेत "ठीक सहा", म्हणजे सव्वासात.
खुर्च्या दोनशे सांगितल्या, आल्या दीडशे,
बसले त्रेसष्ट. मी दोनदा मोजले.
प्रमुख पाहुण्यांना ऐनवेळी लग्न निघालं.

रुमाना पहिली. वय नऊ, कोपरापर्यंत मेंदी.
बाईंनी नव्या भात्यातून सा दिला.
पोरगी तोंड उघडून नुसती बसली.
बाईंनी पुन्हा दिला.
पाष्ट्यांनी उगाच माइकवर टिचकी मारली.

मला आधी कळेना. मग कळलं :
त्या गार, मऊ भिंतींच्या सभागृहात
काहीच घुमत नव्हतं.
पोरीनं आजवर शांततेत कधी गायलंच नव्हतं.

तेव्हा तिसऱ्या रांगेच्या टोकाला
वस्ताचाचा, अकरा वर्षांत पहिल्यांदा रजा टाकून आलेले,
इस्त्रीच्या सदऱ्यात अवघडलेले,
ओठ मिटून
तो सूर धरून बसले.
जाड, तेलकट, जरा उतरलेला.
पुढच्या बाईने वळून "शूऽऽ" केलं.
त्यांना ऐकू गेलं नाही,
यंत्राशेजारी बसून कानांचं जे व्हायचं ते झालेलं.

रुमानानं मान हलवली,
जिन्यात कुणी ओळखीचं भेटल्यासारखी,
आणि गायली.

रात्री हिशेब लिहायला बसलो.
मंडप, चहा, हार (पाहुण्यांचा, तो अनंताच्या गळ्यात गेला).
जमेच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं :
सु. वस्ता, एक सूर. पावती दिलेली नाही.

मंगळवारी बाईंनी माझ्याकरवी खाली निरोप धाडला,
यंत्र पाच मिनिटं बंद ठेवाल का,
पोरांना शांततेची सवय करायची आहे.
उत्तर आलं : "पाच नाही. दोन. बोटी खोळंबल्यात."

पट्टा थांबला.
माडीवर सतरा पोरं
श्वास धरून बसली.